एक्स-बँडच्या बेंचवर क्रॅक कसा पकडायचा

साताऱ्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी एकतीस वर्षं मायक्रोवेव्ह लॅबचा असिस्टंट होतो. पोरं मला मामा म्हणायची, सर लोकही मामाच म्हणायचे. दरवर्षी तेच सहा-सात प्रयोग: गन डायोडची व्ही-आय, गाईड वेव्हलेंग्थ, व्हीएसडब्ल्यूआर, हॉर्नचा पॅटर्न, मॅजिक टी. जर्नल मागच्या बॅचवरून उतरवलेलं, त्यामुळे रीडिंगही दरवर्षी तीच. ओरल संपली की बेंचवर कापड.

निवृत्तीला तीन वर्षं असताना मेकॅनिकलची चार पोरं दारात उभी राहिली. "मामा, मायक्रोवेव्हने धातूतला क्रॅक दिसतो म्हणे. खरं का?" मी म्हटलं, बेंच तर समोरच आहे, बघू की. त्या दोन सेमिस्टरमध्ये जे हाताला लागलं ते इथे लिहितोय. ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) असलेल्या बहुतेक कॉलेजात हा एक्स-बँडचा, म्हणजे साधारण ८ ते १२ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हचा, बेंच असतोच. तुमच्याकडचा धूळ खात असेल तर झटका. वायर-कटचं (तारेच्या ठिणगीने धातू कापणाऱ्या मशीनचं) बिल सोडलं तर आम्हाला विकत काही घ्यावं लागलं नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. मायक्रोवेव्ह धातूच्या आत शिरत नाही. दहा गिगाहर्ट्झला अ‍ॅल्युमिनियममध्ये ती जेमतेम एक मायक्रॉनपर्यंत, खरं तर त्याहूनही कमी खोल जाते. म्हणजे पोटातली पोकळी, वेल्डच्या आतला दोष असलं काही यात दिसणार नाही, त्याला अल्ट्रासॉनिक लागतं. आपल्याला दिसणार ते फक्त पृष्ठभागावर तोंड उघडणारे क्रॅक. पण फटीगचा, म्हणजे पुन्हा पुन्हा भार पडून येणारा, क्रॅक बहुतेक वेळा पृष्ठभागावरूनच सुरू होतो: वाकवताना सगळ्यात जास्त ताण तिथे पडतो, आणि ओरखडा, भोकाची कड, गंजाचा खड्डा हे सगळं तिथेच असतं. त्यामुळे हा तोटा वाटतो तेवढा मोठा नाही.

मग दिसतं काय? वेव्हगाईडचं (लाट वाहून नेणाऱ्या आयताकृती धातूच्या नळीचं) उघडं तोंड धातूच्या पट्टीवर टेकवलं की पट्टी शॉर्ट सर्किटचं काम करते, लाट जवळजवळ पूर्ण परत फिरते. परत फिरताना पट्टीच्या पृष्ठभागावर करंट वाहतो. तो वाहतो वेव्हगाईडच्या अरुंद बाजूच्या दिशेने. त्या करंटला आडवी भेग आली की त्याची वाट तुटते, त्याला भेगेच्या एका भिंतीवरून खाली उतरून दुसऱ्या भिंतीवरून वर यावं लागतं. शेतात पाटाच्या पाण्याला मध्येच चर लागली तर पाणी चरीत उतरूनच पुढे जातं, तसंच. जाणारी आणि परतणारी लाट मिळून वेव्हगाईडमध्ये ठरावीक जागी सिग्नल अगदी कमी होतो, तो मिनिमा. स्लॉटेड सेक्शन, म्हणजे लांब खाच असलेला वेव्हगाईडचा तुकडा, त्याच्या खाचेतून प्रोब सरकवून तो शोधतात. भेगेच्या वळशामुळे लाटेला शॉर्ट किंचित लांब गेल्यासारखा वाटतो आणि हा मिनिमा सरकतो. आपण क्रॅक बघत नाही, मिनिमा किती सरकला ते बघतो.

किती सरकतो? इथेच पोरांचे चेहरे पडले. ०.३ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर खोल चीर असेल तर दहा गिगाहर्ट्झला मिनिमा सरकतो साधारण ०.१ मिलिमीटर. आपल्या स्लॉटेड सेक्शनच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच ०.१. म्हणजे मिनिमा शोधून, मोजून, पुन्हा शोधून हा प्रयोग होत नाही. त्याची युक्ती पुढे सांगतो.

बेंच लावताना

क्रम नेहमीचाच: गन ऑसिलेटर (यातला गन डायोड मायक्रोवेव्ह तयार करतो), आयसोलेटर, पिन मॉड्युलेटर, फ्रिक्वेन्सी मीटर, अ‍ॅटेन्युएटर, स्लॉटेड सेक्शन. एरवी पुढे मॅच्ड टर्मिनेशन किंवा हॉर्न लावतो, तिथे आता नव्वद अंशाचा बेंड लावायचा, तोंड खाली जमिनीकडे. पट्टी भिंतीसारखी उभी धरून सरकवायचा प्रयत्न आम्ही एक दिवस केला. हाताने धरलेली पट्टी श्वासाबरोबर हलते.

बेंडच्या तोंडाचा फ्लँज (तोंडाभोवतीची बोल्टने जोडायची रुंद कड) साधा, सपाट हवा. काही जुन्या तुकड्यांच्या फ्लँजवर तोंडाभोवती गोल खाच असते, तो चोक फ्लँज. तो जोडणीसाठी चांगला, आपल्या कामाला नको. त्या खाचेतही लाट घुसते आणि पट्टी हलली की रीडिंग नाचतं. सपाट फ्लँजसुद्धा आधी काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासून घ्या. तीस वर्षांत बोल्ट आवळून-आवळून भोकांभोवती पितळ वर आलेलं असतं. बोट फिरवलं की कळतं.

पट्टी सरकवायला आम्ही ड्रिल मशीनचा क्रॉस-स्लाइड व्हाइस वापरला. तो मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी घासाघीस करून आणला होता, घरच्या कामाला. त्याच्या हँडलला एका फेऱ्यात किती सरकतं ते आधी स्टीलच्या पट्टीने मोजा. आणि सगळं स्कॅनिंग एकाच दिशेने करा. जुन्या स्क्रूला बॅकलॅश असतो. उलट फिरवलं की पाव फेरा फुकट जातो आणि क्रॅकची जागा दर खेपेला वेगळी येते.

गनच्या सप्लायबद्दल कितीही वेळा सांगितलं तरी दर वर्षी एक डायोड जातोच, म्हणून पुन्हा सांगतो. चालू करण्याआधी बायसची नॉब शून्यावर. पोलॅरिटी बघा. मग सावकाश वाढवा. करंट आधी चढेल, मग व्होल्टेज वाढत असूनही उतरायला लागेल, ती गन डायोडची ओळख. आठ-नऊ व्होल्टच्या आसपास आउटपुट चांगलं मिळतं. दहाच्या वर नेऊ नका. बंद करतानाही आधी नॉब शून्यावर, मग स्विच. पॉवर काही मिलिवॅटच असते, तरी चालू बेंचच्या तोंडात डोळा लावून बघायचं नाही. ही शिस्त मी प्राध्यापकांनाही लावलेली आहे.

पिन मॉड्युलेटरचा एक किलोहर्ट्झ स्क्वेअर वेव्ह व्हीएसडब्ल्यूआर मीटरशी (प्रोबमधला सिग्नल दाखवणारा मीटर) जुळवा. मीटर जास्तीत जास्त दाखवेल तिथे थांबा. मग अर्धा तास सगळं चालू ठेवून चहाला जा. हे गमतीने म्हणत नाही. गन गरम होताना फ्रिक्वेन्सी सरकते, आणि आपण जो बदल शोधतोय तो पाव-अर्ध्या डीबीचा (डीबी म्हणजे पॉवर किती पटीने बदलली त्याचं माप) आहे. पहिल्या अर्ध्या तासात बेंच स्वतःच तेवढा हलतो. डोक्यावरचा पंखाही बंद. आमच्या लॅबमध्ये पंख्याचा वारा थेट गनवर यायचा आणि सुई एखाद्या म्हाताऱ्यासारखी डुलत राहायची. कारण शोधण्यात एक दुपार गेली.

आता तपासणी. तोंडाखाली स्वच्छ, बिनाक्रॅकची पट्टी ठेवा, प्रोब सरकवून लागोपाठचे दोन मिनिमा शोधा. दहा गिगाहर्ट्झला गाईड वेव्हलेंग्थ (वेव्हगाईडच्या आतली लाटेची लांबी) साधारण ३९.७ मिलिमीटर येते, म्हणजे दोन मिनिमांत २० मिलिमीटरच्या किंचित आत अंतर पाहिजे. नाही आलं तर फ्रिक्वेन्सी मीटरने गनची फ्रिक्वेन्सी पुन्हा बघा. मिनिमा खोल आणि टोकदार हवा. पसरट, उथळ मिनिमा म्हणजे तोंड पट्टीवर नीट बसलेलं नाही, पॉवर बाजूने गळतेय.

नमुना

थेट तुटका पार्ट घेऊन सुरुवात करू नका. ज्याचं उत्तर माहीत आहे अशा नमुन्यावर हात बसू द्या. आम्ही ६ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेतली आणि एमआयडीसीतल्या एका वायर-कटवाल्याकडून तिच्यावर तीन चिरा पाडून घेतल्या: १, २ आणि ३ मिलिमीटर खोल, एकमेकींपासून ५० मिलिमीटरवर, पट्टीच्या पूर्ण रुंदीभर. वायर ०.२५ ची असेल तर ठिणगीचं अंतर धरून चीर ०.३ च्या आसपास येते. त्याला नीट समजावून सांगा की आरपार कापायचं नाही, वायर पट्टीच्या रुंदीला समांतर ठेवून पृष्ठभागातून तेवढीच आत न्यायची. आमचा पहिला नमुना चार तुकड्यांत परत आला.

हॅकसॉने चीर पाडली तर चालेल का, असं पोरं विचारतात. शिकायला चालेल. पण ती मिलिमीटरभर रुंद होते, सिग्नल मोठा येतो आणि खऱ्या कामाचा अंदाज चुकतो.

आता युक्ती

मिनिमाच्या तळाशी प्रोब ठेवून उपयोग नाही, तिथे सिग्नलच नसतो. मॅक्सिमावर ठेवला तर तिथे उतार नसतो, मिनिमा थोडा सरकला तरी रीडिंग ढिम्म. प्रोब ठेवायचा मिनिमाच्या शेजारी, उतारावर. आम्ही मिनिमापासून १ मिलिमीटर, गनच्या बाजूला ठेवला. तिथे ०.१ मिलिमीटरचं सरकणं म्हणजे अंतरात दहा टक्के फरक, पॉवरमध्ये वीस टक्क्यांच्या आसपास, मीटरवर पाऊण डीबीच्या वर. अर्धा मिलिमीटरवर ठेवलात तर बदल याच्या जवळपास दुप्पट दिसतो, पण पातळी इतकी खाली जाते की नॉइज त्रास देतो. दोन्ही करून बघा, आपल्या मीटरला काय मानवतं ते ठरवा.

मीटरचं बटण एक्सपांडवर टाका. बहुतेक पोरांनी हे बटण कधी वापरलेलंच नसतं. एक्सपांडवर पूर्ण स्केल दोन डीबीची होते, मग पाव डीबीही डोळ्याला स्पष्ट दिसते. गेनने सुई स्केलच्या मध्यावर आणून ठेवा. यानंतर प्रोबला हात लावायचा नाही. हलणार ती फक्त खालची पट्टी.

व्हाइस अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवा, प्रत्येक वेळी आकडा लिहा. एकाने सरकवायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि तिसऱ्याने बेंचपासून लांब उभं राहायचं. हे तिसरं महत्त्वाचं. तोंड आणि पट्टीत जराही फट असेल तर थोडी पॉवर बाहेर येते आणि जवळ आलेल्या हातावरून, पोटावरून परत जाते. वाकून बघणारा पोरगा हा सगळ्यात मोठा क्रॅक असतो.

आलेखाचा आकार ओळखायला शिका, आकड्यापेक्षा तो जास्त बोलतो. चीर तोंडाच्या एका कडेखाली शिरली की रीडिंग झटकन बदलतं. तोंडाच्या आत असेपर्यंत ते साधारण त्याच पातळीवर राहतं. दुसऱ्या कडेतून बाहेर पडताना पुन्हा झटकन मूळपदावर. दोन झटक्यांमधलं अंतर म्हणजे वेव्हगाईडची अरुंद बाजू, १०.१६ मिलिमीटर. म्हणजे क्रॅक केसाएवढा असला तरी आलेखात तो सेंटीमीटरभराचा ओटा दिसतो. क्रॅकची खरी जागा ओट्याच्या मधोमध. आमच्या तीन चिरांचे ओटे पाव, अर्धा आणि पाऊण डीबीच्या जरा वर असे आले. पहिल्यांदा तो तीन पायऱ्यांचा आलेख कागदावर उतरला तेव्हा त्यातला एक पोरगा मला म्हणाला, "मामा, हे जर्नलमध्ये नव्हतं!"

पण त्याआधी दोन दुपारी काहीच आलं नव्हतं, आणि ती चूक माझी. बेंड लावल्यावर कुठली बाजू रुंद, कुठली अरुंद हे माझ्या डोक्यात उलटं बसलं होतं. चिरा अरुंद बाजूला समांतर ठेवल्या होत्या. करंट त्यांच्या लांबीच्या दिशेनेच वाहत होता, त्यांना ओलांडतच नव्हता. तीन मिलिमीटर खोल चीर तोंडाखालून गेली आणि सुई हललीही नाही. पट्टी नव्वद अंशात फिरवली आणि सगळं दिसायला लागलं. म्हणून लक्षात ठेवा: क्रॅक तोंडाच्या रुंद बाजूला, २२.८६ मिलिमीटरच्या बाजूला, समांतर हवा. पट्टी सरकवायची अरुंद बाजूच्या दिशेने. बेंडच्या बाहेर पेनने बाण काढून ठेवा. आणि क्रॅक कुठल्या दिशेला आहे हेच माहीत नसेल तर प्रत्येक जागा दोनदा स्कॅन करा, एकदा उभी, एकदा आडवी. एकदाच स्कॅन करून "क्रॅक नाही" असं कोणालाही लिहून देऊ नका.

लिफ्ट-ऑफ, म्हणजे खरी डोकेदुखी

लिफ्ट-ऑफ म्हणजे पट्टी आणि तोंडातली फट. ती वाढली की लाटेच्या दृष्टीने शॉर्ट लांब जातो. क्रॅकही तेच करतो. दोघं मिनिमा एकाच दिशेला सरकवतात. आणि माप बघा: ०.१ मिलिमीटर फट वाढली तर होणारा परिणाम आपल्या तीन मिलिमीटर खोल चिरेएवढा, कधी गळतीमुळे त्याहून जास्त. पट्टीखाली एक कागद सरकला, पट्टी थोडी पोक काढून असली, फ्लँजखाली धातूचा कण आला, की झाला "क्रॅक".

तोंड घट्ट टेकवून सरकवावं असं कोणालाही वाटेल. आम्हीही तेच केलं. पण धातूवर धातू कधी नीट टेकतो, कधी नाही, आणि दर अर्ध्या मिलिमीटरला तो संपर्क बदलतो. त्यापेक्षा फट ठेवा, पण सगळीकडे सारखी ठेवा. विभागात ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या ट्रान्सपरन्सीचा एक अख्खा गठ्ठा पडून होता, कोणी विचारत नव्हतं. त्यातली एक शीट कापून फ्लँजला कडांवर टेपने चिकटवली. जाडी सारखी, पट्टीवर ओरखडे नाहीत, सरकायला गुळगुळीत. सिग्नल थोडा कमी झाला, पण नाच थांबला. फ्लँजवर हलकं वजनही ठेवा, म्हणजे तोंड पट्टीसोबत राहील.

एवढं करूनही लिफ्ट-ऑफ उरतोच. तो ओळखायचा आकारावरून: पट्टी वाकडी असेल तर रीडिंग हळूहळू चढतं, हळूहळू उतरतं, दोन-तीन सेंटीमीटरभर. क्रॅकचे झटके असे नसतात. लांबट उतार दिसला तर तो पट्टीचा, दहा मिलिमीटरच्या अंतरावर दोन झटके दिसले तर ते क्रॅकचे. पट्टीच्या कडेपाशी काय दिसतं त्यावर विश्वास ठेवू नका. फ्लँज ४१ मिलिमीटर चौकोनी आहे. त्याचा कोपरा पट्टीबाहेर गेला की आकडे बिघडतात.

आणि धातूवर रंग असेल तर? यासाठीच तर हे सगळं. मेकॅनिकलवाले डाय पेनिट्रंट करतात: लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरा डेव्हलपर मारायचा, भेगेतून लाल रेघ उमटते. स्वस्त, सोपं, आणि उघड्या धातूवर मी अजूनही आधी तेच करीन. पण रंग असेल तर तो खरवडावा लागतो, कारण द्रव भेगेत उतरायलाच पाहिजे. मायक्रोवेव्हला साधा रंग जवळजवळ पारदर्शक. आम्ही पट्टीला ऑइलपेंटचे दोन हात दिले, चिराही बुजल्या. ओटे तरीही दिसले. सारख्या जाडीचा रंग म्हणजे आणखी एक ट्रान्सपरन्सी. फक्त ब्रशच्या फराट्यांनी आलेख जरा खडबडीत झाला. एडी करंटही (कॉईलने धातूत करंट फिरवून केलेली तपासणी) रंगातून चालतं, आणि कारखान्यात तेच जास्त रुळलेलं आहे हेही खरं. जाड रबर, प्लास्टिक, फायबरग्लासचा थर असेल तिथे मात्र मायक्रोवेव्हचं पारडं जड. कार्बन फायबर मधे असेल तर विसरा, तो स्वतःच करंट वाहून नेतो.

विमानांच्या बाबतीत हे क्रॅकचं प्रकरण किती जिवावर येतं ते २८ एप्रिल १९८८ ला अमेरिकेच्या हवाई बेटांवर दिसलं. अलोहा एअरलाइन्सचं बोईंग ७३७ विमान हवेत असतानाच त्याचं छप्पर फाटून गेलं. त्या विमानाने ८९,६८० उड्डाणं केली होती, रिव्हेटच्या भोकांपासून निघालेले बारीक फटीग क्रॅक एकमेकांना मिळाले होते. विमानात चढताना एका प्रवासी बाईला क्रॅक दिसला होता, ती कोणाला बोलली नाही. उघड्या वेव्हगाईडने पृष्ठभागावरचे क्रॅक शोधण्याचं पद्धतशीर काम पुढे नव्वदच्या दशकात अमेरिकेत कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीत रझा झुघी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलं. त्यांचं बरंचसं काम आपल्या एक्स-बँडच्या वरच्या फ्रिक्वेन्सींना, २४ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. कारण सरळ आहे: तिथला वेव्हगाईड १०.६७ बाय ४.३२ मिलिमीटरचा. तोंड जितकं लहान तितका तोच क्रॅक त्याच्या मानाने मोठा. आमच्या बेंचवर जो क्रॅक सुईला हलवत नाही तो तिथे हलवतो. पण ती सामग्री आपल्या विभागात कुठली!

खरा क्रॅक

आता खरं सांगायचं तर वायर-कटची चीर म्हणजे दरवाजा उघडा ठेवलेलं घर. फटीगचा क्रॅक असा नसतो. भार काढला की त्याचे ओठ मिटतात. रुंदी ०.३ वरून ०.०३ वर आली की सिग्नलही दहावा हिस्सा होतो, आणि एक्स-बँडवर तो नॉइजमध्ये बुडतो.

आमच्याकडे उसाचा भाग. गळीत हंगामात ट्रकचे, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे स्प्रिंगचे पाटे भार सोसून-सोसून मोडतात. ओळखीच्या गॅरेजवाल्याने एक मेन पाटा दिला. "यू-बोल्टच्या कडेला बघा, तिथे काहीतरी आहे," म्हणाला. गंज आणि काळ्या रंगाखाली डोळ्याला काही दिसत नव्हतं. जागा बरोबर होती: यू-बोल्ट जिथे पाटा आवळून धरतो त्याच्या कडेलाच वाकण्याचा ताण साचतो, आणि ओढला जातो तो पाट्याचा वरचा अंग. दोन फुटांचा तुकडा कापून घेतला, सैल गंज वायर ब्रशने काढला, रंग तसाच ठेवला.

नुसता ठेवून स्कॅन केला तेव्हा काहीच नाही. थोडा लांबट उतार, तो पाट्याच्या कमानीचा.

मग चॅनेलच्या तुकड्यावर मधोमध एक ठोकळा ठेवला, त्यावर पाटा, संशयाची जागा ठोकळ्याच्या वर, आणि दोन्ही टोकं सी-क्लॅम्पने खाली ओढली. ट्रकखाली असताना पाटा जसा वाकतो तसाच. वरचा अंग ताणला की क्रॅकचे ओठ उघडतात. हे सगळं लचांड व्हाइसमध्ये धरून पुन्हा स्कॅन केलं. साधारण पाव डीबीचा ओटा, दहा मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना झटका. क्लॅम्प ढिले केले, ओटा गेला. आवळले, आला. तीनदा केलं.

ही आवळ-सोड कराच. नुसता ओरखडा असेल तर तो ढिला असतानाही दिसतो आणि आवळल्यावरही साधारण तेवढाच राहतो. श्वास घेतो तो क्रॅक. मात्र वाकवल्याने पाट्याची कमानही बदलते, म्हणजे लिफ्ट-ऑफ बदलतो. म्हणून त्याच पाट्यावर चार बोटं लांब, चांगल्या जागीही ठोकळा सरकवून तीच आवळ-सोड करा. तिथे आमच्याकडे फक्त लांबट उतार बदलला, झटके आले नाहीत. मगच मी पोरांना खडूने खूण करायला दिलं.

पोरांनी लगेच तक्ता काढला. पाव डीबी म्हणजे आपली १ मिलिमीटरची चीर, तेव्हा क्रॅक १ मिलिमीटर खोल, असं रिपोर्टमध्ये लिहूनही टाकलं. मी म्हटलं, थांबा, फोडून बघू. खूण केलेल्या जागी पाट्याच्या खालच्या अंगाने ग्राइंडरने कापत आणलं, वर थोडी जाडी ठेवली, व्हाइसमध्ये आवळून घणाचे दोन घाव घातले. तुकडा पडला. तुटलेल्या बाजूवर दोन रंग: वरच्या अंगाला जुना तपकिरी, शिंपल्यावर असतात तशा वक्र रेघांचा पट्टा, खाली आत्ता तुटलेला, चकाकणारा. तपकिरी पट्टा व्हर्नियरने मोजला. मधोमध ५ मिलिमीटर भरला.

सिग्नल रुंदी आणि खोली दोघांचा मिळून येतो, हे तेव्हा पोरांच्या डोक्यात शिरलं. बारीक पण खोल क्रॅक आणि रुंद पण उथळ चीर एकाच फ्रिक्वेन्सीला सारखीच दिसू शकते. आमच्या पाट्याचा क्रॅक आवळलेला असतानाही त्यात फीलर गेजची ०.०५ ची पट्टी जात नव्हती. रिपोर्टमधला खोलीचा रकाना त्यांनी खोडला आणि तिथे "क्रॅक आहे, खोली या पद्धतीने सांगता येत नाही" असं लिहिलं. तपकिरी तुकडा मी लॅबच्या कपाटात क्लिस्ट्रॉनच्या (जुनी मायक्रोवेव्ह नळी) रिकाम्या डब्यात ठेवला होता. नव्या असिस्टंटला सांगून आलोय, तो फेकायचा नाही.